ज्येष्ठ नागरिक सवलत

ठरावीक वय ओलांडलेल्या ग्राहकाला तीच वस्तू किंवा सेवा इतरांपेक्षा कमी दरात देण्याची पद्धत. एसटीचे अर्धे तिकीट, मुदत ठेवीवरचे अर्धा टक्का जादा व्याज, औषधाच्या दुकानातली सूट ही तिची ओळखीची रूपे. सरकार देते ती कल्याणाची तरतूद असते आणि दुकानदार देतो ती विक्रीची युक्ती. या दोन्हींना एकच नाव असल्यामुळे न्याय-अन्यायाच्या चर्चेत बराच गोंधळ होतो.

दुकानदाराची सवलत समजायला आधी ठरलेली किंमत लागते. घासाघिशीच्या बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाचा भाव वेगळाच असतो. ‘तुमच्यासाठी म्हणून लावतो’ हे वाक्य तिथे आजोबांनाही ऐकवले जाते आणि नातवालाही. पाटीवर एकच दर आला, की मगच वयाप्रमाणे सूट देण्याला अर्थ येतो. एकाच मालाचे वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे दर लावण्याच्या या प्रकाराला अर्थशास्त्रात ‘मूल्यभेद’ म्हणतात. त्याचे वर्गीकरण ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये केले. गट सहज ओळखता आला पाहिजे, त्या गटाची खरेदी किमतीकडे पाहून कमी-जास्त होणारी हवी आणि स्वस्तात घेतलेला माल दुसऱ्याला विकता येऊ नये, या अटी पूर्ण झाल्या तर मूल्यभेद फायद्याचा ठरतो. तिकिटांवर वयाची सूट सर्रास असते आणि साखरेवर क्वचित, याचे कारण शेवटच्या अटीत आहे. साखरेवर सूट ठेवली तर घरोघरचे आजोबाच पिशवी घेऊन रांगेत दिसतील. अमेरिकेत रॉस ही कपड्यांची साखळी ५५ वर्षांवरील ग्राहकांना मंगळवारी १० टक्के, तर कोल्स ६० वर्षांवरील ग्राहकांना बुधवारी १५ टक्के सूट देते. वार पाहिले की हिशेब उलगडतो : नोकरदार गिऱ्हाईक शनिवार-रविवारी येते, निवृत्तांना कोणताही वार चालतो, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी दुकान रिकामे असते.

भारतात अशी सूट देण्यास कायद्याची आडकाठी नाही. वेष्टनावरील कमाल किरकोळ किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. कमी कोणाकडून आणि किती घ्यायचे हे विक्रेत्यावर आहे. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्या प्रवेशाबाबत भेदभावाला मनाई आहे आणि ती खासगी दुकानदारालाही लागू होते; पण तिथली यादी धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान अशी आहे. वय त्यात नाही. सूट जाहीर करून काउंटरवर नाकारली, तर मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार करता येते. थोडक्यात, सवलत मागण्याचा हक्क नाही, दिलेला शब्द पाळायला लावण्याचा आहे.

सरकारी सवलतीला अनुच्छेद १४ चा समतेचा निकष लागतो. लोकांचे गट पाडता येतात. पण गट पाडण्यामागे समजण्याजोगा फरक हवा आणि त्या फरकाचा योजनेच्या हेतूशी संबंध हवा. अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य देण्याचे मार्गदर्शक तत्त्व असल्याने वयाचा गट पहिल्या फेरीतच तगतो. खरी अडचण रेषा कुठे ओढायची ही आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात ज्येष्ठ म्हणजे ६० वर्षे. एसटीच्या अर्ध्या तिकिटाला ६५, मोफत प्रवासाला ७५. प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत ६० आणि ८० असे दोन टप्पे, आणि नव्या प्रणालीत करमाफीच्या मर्यादेपुरते वय मोजलेच जात नाही. म्हणजे एकच माणूस बँकेत ज्येष्ठ असतो, एसटीच्या थांब्यावर येईपर्यंत पाच वर्षांनी धाकटा होतो.

सर्वांत गाजलेले उदाहरण रेल्वेचे. ६० वर्षांवरील पुरुषांना मूळ भाड्यात ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सूट होती. करोनाची साथ सुरू होताना, २० मार्च २०२० पासून, ती थांबली आणि गाड्या पूर्ववत झाल्यावरही परत आली नाही. प्रत्येक प्रवाशाला सरासरी ४६ टक्के अनुदान मिळतेच, म्हणजे १०० रुपयांच्या सेवेचे ५४ रुपयेच घेतले जातात, असे उत्तर सरकारने २०२४ मध्ये दिले. संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीने निदान शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात सवलत पुन्हा देण्याचा विचार करावा, असे सुचवले होते. ही सूचना मूळ योजनेपेक्षा अधिक न्याय्य होती. जुनी सवलत पहिल्या वातानुकूलित वर्गालाही होती, आणि भाडे जितके जास्त तितकी रुपयांतली सूट मोठी. शयनयानाने पंढरपूरला निघालेल्या म्हातारीपेक्षा निवृत्त अधिकाऱ्याच्या पदरात अधिक पडत असे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सवलत पुनरुज्जीवित करण्याची याचिका फेटाळली. हा धोरणाचा प्रश्न आहे, न्यायालय तसा आदेश देणार नाही, अशी भूमिका घेतली. सवलत देणे घटनाबाह्य नाही आणि काढून घेणेही नाही, असा त्याचा व्यवहारात अर्थ होतो.

महाराष्ट्रात एसटीने उलटी वाट धरली. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास, तर ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना ५० टक्के सवलत मिळू लागली, आणि पंचाहत्तरीच्या आतल्या स्त्रियांपुरता वयाचा प्रश्नच मिटला. कंडक्टरला कोणा काकूंचे वय विचारायची वेळ उरली नाही, हा त्या निर्णयाचा एक अलिखित फायदा. या सवलतींची भरपाई राज्य शासनाने महामंडळाला करायची असते.

बँकांच्या बाबतीत गंमत अशी, की नियमाने भेदभाव निषिद्ध आहे आणि ज्येष्ठांसाठीच तो मुद्दाम खुला ठेवला आहे. सारख्या रकमेच्या, सारख्या मुदतीच्या ठेवींवर ठेवीदारांत फरक करू नये, हे रिझर्व्ह बँकेचे तत्त्व. निवासी ज्येष्ठ नागरिकांना जादा दर देणे हा त्याला मान्य अपवाद. ‘निवासी’ या शब्दामुळे न्यू जर्सीत मुलाकडे कायमचे राहायला जाऊन अनिवासी झालेल्या पुणेकर आजोबांना त्यांच्या अनिवासी खात्यातल्या ठेवीवर तो अर्धा टक्का मिळत नाही.

वयाची रेषा दुसराच भेदभाव लपवू शकते, हे ब्रिटनच्या एका खटल्यात दिसले. ईस्टली या गावच्या नगरपरिषदेच्या पोहण्याच्या तलावात निवृत्तिवेतनाचे वय गाठलेल्यांना मोफत प्रवेश होता. १९८५ मध्ये जेम्स पती-पत्नी तिथे गेले. दोघेही ६१ वर्षांचे. तेव्हा निवृत्तिवेतनाचे वय स्त्रियांना ६०, पुरुषांना ६५. बाई फुकट आत गेल्या, नवऱ्याला ७५ पेन्स मोजावे लागले. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेले आणि १९९० मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी जेम्स जिंकले. परिषदेचा हेतू वाईट नव्हता, पण जेम्स स्त्री असते तर पैसे पडले नसते, एवढे लिंगभेद सिद्ध व्हायला पुरेसे मानले गेले. आपल्या रेल्वेचे ५८ आणि ६० हे आकडे या कसोटीवर कसे टिकले असते, हा विचार मनात येतोच. मात्र आपल्याकडे अनुच्छेद १५(३) राज्याला स्त्रियांसाठी विशेष तरतुदी करू देतो. पुढे ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१२ पासून सेवांमध्ये वयावरून भेदभाव करण्यास बंदी आली, पण वयोगटानुसार दिलेल्या सवलती अपवाद म्हणून वाचवल्या गेल्या.

अमेरिकेच्या संघीय कायद्यात नोकरीत चाळिशीपुढच्यांना वयाचे संरक्षण आहे, दुकानातल्या दराला नाही. व्यावसायिकाला ग्राहकांत मनमानी भेदभाव करू न देणारा कॅलिफोर्नियाचा उनरूह नागरी हक्क कायदा अधिक कडक आहे. तरीही चित्रपटगृहातील मुले व ज्येष्ठ यांच्या सवलती तिथल्या अपील न्यायालयाने मान्य केल्या. २०१८ मध्ये मात्र जोडीदार शोधण्याच्या टिंडर या ॲपचे गणित फसले. तिशीच्या आतल्यांना महिना ९.९९ किंवा १४.९९ डॉलर आणि तिशीपुढच्यांना १९.९९ डॉलर असा दर होता. तरुणांकडे पैसे कमी असतात, ही कंपनीची बाजू. वय हे उत्पन्नाचे सरधोपट माप म्हणून वापरता येणार नाही, असे अपील न्यायालयाने बजावले. हाच मुद्दा उलटा फिरवला तर ज्येष्ठांच्या सवलतीलाही लागतो. ती टिकते, कारण वार्धक्याला मदत करण्याचे धोरण विधिमंडळांनी आधीच स्वीकारलेले असते.

सवलतीचे पैसे कोण भरतो हा प्रश्न सर्वांत टोकदारपणे फिलिपिन्समध्ये उभा राहिला. तिथे साठीपुढच्यांना औषधे, उपाहारगृहे, प्रवास इत्यादींवर २० टक्के सूट देणे खासगी विक्रेत्यांवर कायद्यानेच बंधनकारक आहे. २०१० पासून त्यावर मूल्यवर्धित करही माफ आहे. १९९२ च्या पहिल्या कायद्यात विक्रेत्याला दिलेली सूट करातून पूर्ण वळती करता येई. पुढच्या दुरुस्तीने ती केवळ करपात्र उत्पन्नातून वजा होऊ लागली, म्हणजे तोट्याचा मोठा वाटा दुकानदाराच्याच अंगावर आला. ही भरपाईशिवाय मालमत्ता घेणे झाले, अशी औषध दुकानांची तक्रार २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. वाणसामानावरची सूट मात्र ५ टक्के, आणि तीही आठवड्याला एका मर्यादेपर्यंतच. २०२४ मध्ये ती ६५ वरून १२५ पेसो झाली.

सवलतीचा शेवटचा टप्पा पुराव्याचा. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख १ जून आहे : शाळेत नाव घालताना आई-वडिलांना तारीख आठवेना आणि गुरुजींनी ती सोयीची पाहून लिहिली. तीच आधार कार्डावर उतरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका प्रकरणात, आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, शाळा सोडल्याचा दाखला अधिक ग्राह्य, असे म्हटले. एसटीत मात्र आधार चालत आले आहे, आणि दाखला काढला तरी त्यावर बहुधा गुरुजींचा १ जूनच असतो.