एकदम की थोडे थोडे?

पश्चिम केनियातल्या सियाया काउंटीत घर गरिबाचे आहे का, हे ओळखायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. वर पाहिले की कळते. गवताने शाकारलेले छप्पर म्हणजे हातावर पोट, वर पत्रे असतील तर जरा बरे चाललेले. २०१४ ते २०१७ या काळात ‘गिव्हडिरेक्टली’ या संस्थेने इथे गरीब घरांना थेट पैसे दिले, तेव्हा पात्रता ठरवायला हीच खूण धरली. निकष सोपा असला की त्याला चकवणेही सोपे असते. पत्र्याच्या घरातले कुटुंब शेजारची रिकामी झोपडी आपली म्हणून दाखवू शकते. त्यामुळे घरांची मोजणी एका माणसाने करायची, नोंदणी दुसऱ्याने आणि फेरतपासणी तिसऱ्याने, अशी पद्धत ठेवावी लागते.

रक्कम होती घरामागे ८७,००० शिलिंग, म्हणजे तेव्हाचे सुमारे १,००० डॉलर. ती एम-पेसावरून, मोबाइलच्या खात्यात, तीन वेळा मिळून आली: आधी ७,०००, दोन महिन्यांनी ४०,००० आणि त्यानंतर सहा महिन्यांनी पुन्हा ४०,०००. पहिल्या छोट्या हप्त्याचे काम चाचणीचे. सिमकार्ड पुतण्याच्या नावावर आहे, नंबरातला एक आकडा चुकला आहे, पिन आठवत नाही, या सगळ्या भानगडी ७,००० वर उघड झालेल्या बऱ्या, ४०,००० वर नकोत. दुसरी अडचण रोकडीची. खात्यात पैसे दिसतात, पण गावातल्या एजंटच्या गल्ल्यात तेवढ्या नोटा नसतात. सगळ्यांचे पैसे एकाच दिवशी जमा झाले की गल्ला लवकर रिता होतो आणि उरलेल्यांना मोठ्या बाजाराची वाट धरावी लागते. पैसे काढण्याचे शुल्क वेगळेच.

हे पैसे एकदम का द्यायचे, महिन्याला थोडे थोडे का नाही? उत्तर त्या छपरातच आहे. गवत कुजते, गळते, ठराविक काळाने पुन्हा शाकारावे लागते. दर खेपेला गवत आणि मजुरी. पत्रे एकदा टाकले की बरीच वर्षे पाहावे लागत नाही, शिवाय पन्हळ लावली तर पावसाचे स्वच्छ पाणी दारात मिळते. म्हणजे हिशेबाने पत्रेच स्वस्त. पण त्यासाठी मोठी रक्कम एका वेळी हातात लागते आणि गरिबाकडे नेमकी तीच नसते. थोडे साठले की आजारपण, मयत, शाळेची फी यांपैकी काहीतरी दारात उभे राहते. स्वस्त पर्याय परवडत नाही म्हणून महागडा पर्याय वर्षानुवर्षे चालू राहतो.

याआधी त्याच भागातल्या रारिएडात योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो या संशोधकांनी हे मोजून पाहिले होते. २५,२०० शिलिंग काही घरांना एकदम दिले, काहींना नऊ महिन्यांत विभागून. कोणाला कसे मिळणार हे सोडतीने ठरले, त्यामुळे दोन्ही गटांची तुलना रास्त होती. हप्ते मिळालेल्या घरांत दोन वेळच्या अन्नाची शाश्वती वाढली. एकदम रक्कम मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू जास्त घेतल्या. गुरेकोंबड्यांतही पैसा गेला, आणि तिथे जोखीम आहेच: लस टोचलेली नसेल तर मानमोडीची एक साथ आख्खे खुराडे रिकामे करते. दारू आणि तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. हा प्रश्न हमखास विचारला जातो म्हणून उल्लेख केला. बऱ्याच देशांतल्या अशा अभ्यासांतही हेच आढळले आहे.

मग हप्ते वाईटच का? तसेही नाही. केनियातल्याच दुसऱ्या मोठ्या प्रयोगात तीन गटांची तुलना झाली: एकाला ५०० डॉलर एकदम, दुसऱ्याला तेवढेच पैसे दोन वर्षांत महिन्याच्या हप्त्याने, तिसऱ्याला तोच मासिक हप्ता, पण १२ वर्षे मिळण्याची हमी. धंदा उभा करण्यात दोन वर्षांचा गट मागे पडला. १२ वर्षांची हमी असलेल्यांनी मात्र भिशी लावली, दर महिन्याचे पैसे एकत्र टाकले आणि आपला नंबर लागला की मोठी रक्कम उचलली. ठोक रकमेची सोय त्यांनी स्वतःच करून घेतली. पुढची वर्षे पक्की असल्याशिवाय एवढी मोठी भिशी लावण्याचे धाडस कोण करणार?

गावात एवढा पैसा ओतला की भाव भडकतील, ही शंका रास्त आहे. ‘गिव्हडिरेक्टली’च्या सियायातल्या वाटपाच्या प्रयोगात ६५३ गावे होती आणि जिथे पैसे वाटले तिथे ती रक्कम स्थानिक वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे १५ टक्के भरत होती. तरी भाववाढ सरासरी ०.१ टक्का. कारण गावातली गिरणी दिवसाचा बराच वेळ दळणाची वाट पाहत बंद असते, शिंपी रिकामा बसलेला असतो. जास्तीचे गिऱ्हाईक आले तर नवे यंत्र लागत नाही, आहे तेच जास्त वेळ चालते. त्यामुळे मागणी वाढली तेव्हा भावाऐवजी उलाढाल वाढली. दिलेल्या एका शिलिंगामागे सुमारे अडीच शिलिंगांची भर स्थानिक अर्थव्यवस्थेत पडली, आणि पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांचाही घरखर्च वाढला.

हे गणित सगळीकडे जमत नाही. फिलिपिन्समध्ये रोख मदतीच्या योजनेत दुर्गम गावांत अंडी, मासे यांसारखे नाशवंत पदार्थ महागले, कारण त्यांचा पुरवठा झटकन वाढवता येत नव्हता. योजनेबाहेरच्या घरांतल्या लहान मुलांची वाढ खुंटण्याचे प्रमाण तिथे वाढले. पैसे वाटण्याआधी त्या गावापर्यंत रस्ता कसा आहे हे पाहायला हवे.

वाटपातही घात होतो. केनियातल्याच होमा बे काउंटीत एका टप्प्यावर जवळपास ४५ टक्के घरांनी पैसे नाकारले. फुकटचा पैसा सैतानाचा, अशी अफवा होती. काँगोच्या पूर्व भागात सिमकार्ड नोंदवण्याचे काम अपवाद म्हणून ‘गिव्हडिरेक्टली’च्याच कर्मचाऱ्यांकडे दिले गेले आणि २०२२ मध्ये सुमारे ९ लाख डॉलर लंपास झाले. जो नोंदणी करतो त्याच्याच हाती सिमकार्ड, हे मोजणी-नोंदणी-फेरतपासणीच्या अगदी उलट.

सियायाच्या आकडेवारीतला सर्वात ठळक निष्कर्ष मात्र २०२५ मध्ये पुढे आला: पैसे मिळालेल्या घरांत एक वर्षाच्या आतल्या बालकांचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. बाळंतपणाच्या आसपास पैसे हातात असले तर परिणाम सर्वाधिक दिसला. शेवटच्या महिन्यांत बाईला शेतातले कष्टाचे काम कमी करता आले, दवाखान्यात बाळंत होता आले, घरात खायला पुरेसे राहिले. जवळ डॉक्टर असलेला दवाखाना होता तिथे फरक मोठा, नव्हता तिथे कमी. आणि पैसे संपून गेल्यावर जन्मलेल्या बाळांमध्ये तो फरक राहिला नाही.