पावसासाठी शिवलेला तंबू वाळवंटात नेताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या रानात मुक्काम करणारा माणूस तंबू घेताना पहिला प्रश्न विचारतो: पाणी आत येईल का? घाटमाथ्याचा पाऊस पाहिलेल्याने दुसरं काय विचारावं! पण तोच तंबू डिसेंबरात मोटारसायकलला बांधून कच्छकडे किंवा जैसलमेरच्या पलीकडे नेला, की गणित फिरतं. पाऊस वरून येतो. वाळवंटातला त्रास बाजूने येतो, खालून येतो आणि तंबूच्या आतच साठतो. वारा, धूळ आणि कोंडलेली उष्णता या तिन्हींवर माणसांनी फार पूर्वी उत्तरं काढली होती. आजच्या हलक्या तंबूतून ती एकेक करून गळून गेली. ती कुठे गळली हे कळलं, की तंबूला काय परत जोडायचं हेही कळतं.

आपल्या भाषेत या वस्तूचे शब्द भरपूर आहेत. दोन हलक्या काठ्यांवर उतरत्या बाजूंचं कापड टाकलं की झालं पाल. भिंतीवजा कनात नाही, आडवा दांडा नाही. राहुटी म्हणजे शिपायांचा लहान तंबू, वर निमुळतं छप्पर आणि पुढे पडवी नाही. चोब म्हणजे खांब, म्हणून ज्याला मधला खांब नाही तो बिचोबा. दोरीला तणावा म्हणतात, जमिनीत जाते ती मेख आणि मेख ठोकायची ती मोगरी. यातला तणावा हा शब्द नीट ऐकण्यासारखा आहे. जुन्या तंबूत सगळं काम तणाव्याचं होतं, कापड फक्त पोटाला ताणलेलं असायचं. आजच्या तंबूसोबत दोनतीन बारीक दोऱ्या येतात आणि बहुतेकांच्या त्या कधी पिशवीतून बाहेरही निघत नाहीत. वाळवंटातली निम्मी फजिती तिथेच ठरून जाते.

उष्णतेचं उत्तर पाहायला फार लांब जावं लागत नाही. ऊसतोडीच्या हंगामात अथणी, रायबाग, चिकोडीच्या फडांजवळ टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. बांबूच्या कामट्या वाकवून त्यावर चटई, चटईवर प्लास्टिक. फेब्रुवारी सरला की नुसत्या प्लास्टिकच्या कोपीत दुपारी बसवत नाही, मग वर पाचट येतं. पाचट ऊन अडवतं आणि पानापानांतून हवा खेळत राहते. तापायचं ते पाचट तापतं, ती ऊब माणसापर्यंत पोचायच्या आत वाऱ्यावर निघून जाते.

अरबस्तानातल्या भटक्या बदाऊनांचा (बेदुईनांचा) काळा तंबूही याच तत्त्वावर उभा आहे. त्याला ते ‘केसांचं घर’ म्हणतात, कारण त्याचं कापड शेळीच्या केसांचं असतं. मागावर लांब पट्टे विणून ते एकमेकांना शिवतात. मधला पट्टा झिजला की नवा मधोमध घालायचा आणि जुने कडेला सरकवायचे. विण सैल असते. काळा रंग ऊन शोषतो, कापडाचा वरचा भाग तापतो, पण गरम हवा विणीतून वर निसटते आणि खाली दाट सावली राहते. पाऊस आलाच तर केस फुगतात आणि छिद्रं बुजतात. आपल्याकडच्या धनगरी घोंगडीची खोळ पावसात हेच करते. या तंबूची उंची बेताची, लांबी जास्त, तणावे लांबलचक आणि पाठ वाऱ्याकडे असते. वारा बदलला तर सगळं घर फिरवायचं.

ब्रिटिश काळातल्या हिंदी सैन्याने हेच तत्त्व सुती कापडात बसवलं. एका छपरावर दुसरं छप्पर आणि मध्ये वीतभर किंवा जास्त मोकळी जागा, असे दुहेरी छपराचे तंबू छावण्यांतून रूढ झाले. त्यातला ई.पी.आय.पी. (युरोपियन प्रायव्हेट्स, इंडियन पॅटर्न) हा नमुना आजही लष्करात, पुरात, भूकंपात दिसतो. या इतिहासाशी बेळगावचा थेट संबंध आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, उतरलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमधली एक ब्रिगेड म्हणजे १८वी बेळगाव ब्रिगेड. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा पडलं तेव्हा ती तिथे होती. पुढे कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथली फौज शरण गेली. उन्हाळ्यात तापलेली, धुळीची आणि पावसात चिकण चिखल होणारी ती जमीन इकडच्या गावांतल्या पोरांनी पायाखाली तुडवली होती.

मग हे दुसरं छप्पर गेलं कुठे? छोट्या तंबूचा आजचा वंश वाळवंटातून आलेला नाही, तो बर्फातून आला आहे. १८६०च्या दशकात एडवर्ड व्हिंपर या गिर्यारोहकाने आल्प्ससाठी चार लाकडी काठ्यांचा, तळ शिवलेला तंबू बनवला. त्यानंतर ममरी या दुसऱ्या गिर्यारोहकाने काठ्यांऐवजी बर्फाच्या कुऱ्हाडी वापरून रेशमी कापडाचा हलका तंबू केला. पुढे नायलॉन आलं. १९५५ मध्ये अमेरिकेत बिल मॉस यांनी वाकणाऱ्या काठ्यांचा, आपोआप उभा राहणारा घुमटी तंबू आणला. १९७५ मध्ये नॉर्थ फेस या कंपनीचा ओव्हल इन्टेन्शन हा एकमेकींना छेदणाऱ्या काठ्यांचा घुमट आला आणि आजचे बहुतेक तंबू त्याच घराण्यातले. बर्फात वजन कमी हवं, ऊब कोंडायला हवी आणि पाणी आत यायला नको. तिन्ही गोष्टी साधल्या. आता पाण्यासाठी जो बाहेरचा थर असतो त्यालाही आपण दुसरं छप्परच म्हणतो, पण तो आतल्या तंबूपासून चारपाच बोटं वर असतो आणि खाली जमिनीला टेकतो. त्यातून हवा वाहत नाही, म्हणून तो सावली देत असला तरी गारवा देत नाही. सूर्य वर आला की तासा-दोन तासांत आत बसवत नाही.

निवडताना आमचं मत स्पष्ट आहे. एका माणसाला दोन माणसांचा तंबू घ्यावा, तळ साधारण २१० गुणिले १३० सेंटिमीटर आणि उंची ११० सेंटिमीटरच्या आत. पाण्याचे कॅन, बूट, बॅग सगळं आत घ्यावं लागतं, कारण बाहेर ठेवलेलं सकाळी वाळूत शोधावं लागतं. काठ्या अॅल्युमिनियमच्या हव्यात. फायबरग्लासची काठी वाऱ्यात उभी चिरते आणि तिची कूस कापडात घुसते. कापडात पॉलिएस्टरला पसंती द्यावी. नायलॉन ओढायला चिवट खरं, पण कडक उन्हात त्याची ताकद पॉलिएस्टरपेक्षा लवकर जाते.

आतला तंबू नखशिखांत जाळीचा नसावा. दुकानात ही गोष्ट कोणी सांगत नाही. १९३०च्या दशकात इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात फिरलेल्या बॅग्नोल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करून वाळूची चाल मांडली. वाळूचा कण हवेत तरंगत नाही, तो उड्या मारत जातो आणि बहुतेक वाळू जमिनीलगतच धावते. धूळ मात्र खरोखर तरंगते आणि कुठेही पोचते. म्हणजे वाळू अडवायला खालची ३०-४० सेंटिमीटरची सलग भिंत पुरते. धुळीला मात्र जाळी म्हणजे उघडं दार. जाळीचाच तंबू घरात असेल तर शिंप्याकडून जाळीच्या मापाचे केंब्रिकचे (घट्ट विणीच्या बारीक सुती कापडाचे) तुकडे कापून घ्यावेत आणि आतल्या बाजूने वेल्क्रोने लावावेत. वादळ आलं की बंद, एरवी उघडे. छताजवळची वरची खिडकी शेवटपर्यंत बंद करू नये, नाहीतर श्वासाची वाफ आणि ऊब दोन्ही अडकतात. बाहेरच्या थराच्या खालच्या कडेला २५ सेंटिमीटरची झालर शिवून घेतली आणि वाऱ्याच्या बाजूने तिच्यावर वाळू ओढली, तर खालून येणारी फेक थांबते.

सावलीसाठी पाचटाचं काम शेडनेट उत्तम करते. भाजीच्या रोपवाटिकेसाठी वापरतात तीच, ७५ टक्क्यांची. प्लास्टिकची ताडपत्री लावणाऱ्यांना वारा उठला की पश्चात्ताप होतो, कारण ती शिडासारखी फुगते आणि सगळं उपटून नेते. शेडनेटमधून वारा गाळून जातो. तीन बाय चार मीटरचा तुकडा घ्यावा, कडा दुहेरी दुमडून आत सहा मिलिमीटरची दोरी घालून शिवाव्यात आणि कोपऱ्यांना पितळी कड्या माराव्यात. तुकडा तंबूच्या वर किमान ३०-४० सेंटिमीटर राहावा आणि चारही बाजूंनी मोकळा असावा. पांढरी किंवा चंदेरी जाळी मिळाली तर उत्तम, हिरवीही चालते. तिचे खांब आणि तणावे तंबूपासून वेगळे ठेवावेत. दोन्ही एकाच मेखेला बांधले, तर एक सुटताच दुसरंही जातं.

आता मेखा. तंबूसोबतची बारीक तारेची मेख वाळूत हाताने निघते आणि खारट कडक जमिनीत वाकते. जोराचं गणित कागदावर करून पाहण्यासारखं आहे. ताशी ५४ किलोमीटरचा वारा दोन चौरस मीटरच्या बाजूवर साधारण २७ किलोचा रेटा देतो. वेग ७२ झाला की तोच रेटा ४८ किलोच्या आसपास जातो, कारण वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. एखादा झोत याहून वर जातो. त्यात तणाव्याचा कोन महत्त्वाचा. समजा एका तणाव्याला २५ किलोचा आडवा रेटा सोसायचा आहे. तो एक मीटर उंचीवरून एक मीटर अंतरावर बांधला, तर मेखेला तेवढीच, २५ किलोची ओढ वर लागते. तीन मीटर अंतरावर नेला तर वरची ओढ आठ किलोवर येते. मेख उपटते ती वरच्या ओढीने. जुन्या राहुट्या आणि बदाऊनांच्या तंबूंचे तणावे इतके लांब का, ते यावरून कळतं. म्हणून मूळ दोऱ्या काढून तीन मिलिमीटरच्या, प्रत्येकी साडेतीन-चार मीटरच्या दोऱ्या लावाव्यात.

मऊ वाळूत मेख ठोकण्याचा नाद सोडावा आणि पोतं पुरावं. पाच किलो तांदळाच्या विणलेल्या प्लास्टिक पिशव्या सहा ते आठ न्याव्यात, रिकाम्या असतात तेव्हा त्यांचं ओझं काहीच नाही. पिशवीत पाचसहा किलो वाळू भरून तोंड बांधायचं आणि तणावा पिशवीच्या कंबरेला दोन वेढे देऊन बांधायचा. तणाव्याच्या दिशेला आडवा, ४० सेंटिमीटर खोल चर खणून पिशवी त्यात ठेवायची. तणावा तंबूकडे जाईल तिथे चराच्या कडेत बोटभर रुंद तिरकी खाच पाडायची. ही खाच विसरली तर ताण पडताच दोरी वर उचलते आणि पिशवीही वर येते. मग वाळू लोटून पायाने तुडवायची. पिशवीला धरून ठेवतं ते तिच्यावरच्या वाळूचं वजन, त्यामुळे खोली निम्मी केली तर पकड निम्म्याहून कमी होते. निघताना दोरी ओढू नये, खणूनच काढावं, आणि पिशव्या परत आणाव्यात.

कडक, पापुद्र्याच्या खारट जमिनीत याउलट करावं लागतं. तिथे दहा मिलिमीटरची लोखंडी सळई, ४५ सेंटिमीटर आत जाईल अशी, वर वेल्डरकडून आकड्यासारखी वाकवून घ्यावी. ही सळई मीटरला ६१७ ग्रॅम भरते, वाकणासकट एक मेख साडेतीनशे ग्रॅमच्या पुढे जाते, म्हणजे आठ मेखांचे तीन किलो. मोटारसायकलवर तेवढं चालतं, पाठीवर नको. वाकण खाली वळवलेलं हवं, नाहीतर रात्री नडगी फुटते.

उभारण्याचा क्रमही पक्का ठेवावा. कापड पसरण्याआधी वाऱ्याकडचे दोन तणावे पुरून घ्यावेत, मगच काठ्या घालाव्यात. अरुंद बाजू वाऱ्याकडे आणि दार विरुद्ध दिशेला थोडं तिरकं. अगदी पाठीमागे ठेवू नये, कारण तंबूच्या आडोशाला वाळू साचते आणि सकाळी दाराची चेन उघडत नाही. थरच्या वाळवंटात एप्रिल ते जून जोराचा वारा बहुधा नैऋत्येकडून येतो. त्या महिन्यांत छोट्या तंबूत राहायला जाऊच नये. फलोदीला १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता, तिथे शेडनेट पुरत नाही. कोरड्या ओढ्याच्या पात्रात वाळू मऊ आणि सपाट मिळते म्हणून तंबू टाकू नये, पाऊस दूर पडला तरी लोंढा तिथेच येतो. आणि सीमेलगतच्या भागात, कच्छच्या पांढऱ्या रणातही, जाण्यासाठी परवाना लागतो, तो आधी काढावा.

तंबूच्या चेनला तेल लावू नये. तेलात वाळू मुरते आणि चेनचे दात घासून निघतात. जुन्या दात घासायच्या ब्रशने रोज संध्याकाळी कोरडी झाडावी, एवढंच.

रणातून परतल्यावरचं काम बहुतेक जण टाळतात आणि आपल्या भागात ते सर्वात महाग पडतं. मीठ हवेतलं पाणी ओढतं. मीठ बसलेला तंबू गुंडाळून माळ्यावर टाकला, तर जूनमध्ये बेळगावची दमट हवा त्यात शिरते, बाहेरच्या थराचं आतलं अस्तर चिकट होऊन सोलायला लागतं आणि काठ्यांचे सांधे पांढरे पडून अडकतात. गोड्या पाण्यात साबणाशिवाय दोनदा बुडवून धुवावा, काठ्यांचे तुकडे वेगळे करून पुसावेत आणि सावलीत दोन दिवस वाळवावा. पाऊस सुरू होण्याआधी हे झालं पाहिजे, आणि मूळ पिशवीत कोंबण्यापेक्षा सुती उशीच्या अभ्र्यात सैल भरून ठेवावा.