सॉफ्टवेअर आंतरकार्यक्षमता करार

दोन कंपन्यांची सॉफ्टवेअर एकमेकांशी जुळवून चालावीत, यासाठी त्या कंपन्यांनी केलेला तांत्रिक व व्यापारी करार. अशा करारात बहुधा तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात : तांत्रिक माहितीची देवाणघेवाण, विक्रीतील सहकार्य आणि पेटंटविषयक हमी. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या (ज्याचा कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो) बाबतीत वाद बहुतेक वेळा तिसऱ्या गोष्टीवरून होतो.

जुळणीची गरज मात्र खरीच आहे. लिनक्स सर्व्हरवरील फोल्डर विंडोज संगणकावर दिसायचा, तर दोघांनाही एसएमबी प्रोटोकॉल, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याचे ठरलेले नियम, यावा लागतो. हा प्रोटोकॉल जाणणारा मुक्त स्रोत प्रकल्प म्हणजे सांबा. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये त्याची सुरुवात केली. प्रोटोकॉलची पुरेशी माहिती हाती नसल्याने विकासक नेटवर्कवरून जाणारी पॅकेट वाचत : एक विनंती पाठवायची, आलेले उत्तर नोंदवायचे, विनंतीतला एखादा बिट बदलून पुन्हा पाठवायची. काम होते, पण संथपणे. आणि समोरच्याने पुढच्या आवृत्तीत काही बदलले की तोच खटाटोप पुन्हा करावा लागतो.

या प्रकारातला सर्वाधिक गाजलेला करार मायक्रोसॉफ्ट आणि नोव्हेल यांच्यात २ नोव्हेंबर २००६ रोजी झाला. मायक्रोसॉफ्टने सुसे लिनक्स एंटरप्राइज सर्व्हर या नोव्हेलच्या लिनक्स उत्पादनाच्या सबस्क्रिप्शन प्रमाणपत्रांसाठी २४ कोटी डॉलर आणि पेटंटच्या हिशेबापोटी १०.८ कोटी डॉलर द्यायचे, तर नोव्हेलने पाच वर्षांत किमान ४ कोटी डॉलर द्यायचे, असे ठरले. व्हर्च्युअलायझेशन (एका संगणकावर अनेक आभासी संगणक चालवणे), सर्व्हर व्यवस्थापन आणि दस्तऐवजांचे फॉरमॅट ही संयुक्त कामाची क्षेत्रे होती.

खरी मेख पेटंटच्या कलमात होती. लिनक्ससारखे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर ज्याखाली वाटले जाते, त्या जीपीएल परवान्याच्या आवृत्ती २ च्या सातव्या कलमानुसार, पेटंटच्या बंधनामुळे प्रत मिळणाऱ्या प्रत्येकाला ती रॉयल्टीविना पुढे वाटता येणार नसेल, तर वितरकाला ती प्रत मुळात वाटताच येत नाही. म्हणून या दोन कंपन्यांनी एकमेकींना परवाना दिलाच नाही; ‘तुमच्या ग्राहकांवर दावा करणार नाही’ अशी हमी दिली. कलमाचे शब्द पाळले गेले, हेतू मात्र बाजूला पडला. तोच कोड सुसेकडून घेणारा सुरक्षित आणि दुसरीकडून घेणारा धोक्यात, अशी विभागणी झाली. सांबाचे प्रमुख विकासक जेरेमी ॲलिसन यांनी याच कारणाने नोव्हेलची नोकरी सोडली. २००७ मध्ये झँड्रॉस आणि लिनस्पायर या लिनक्स वितरक कंपन्यांनी मायक्रोसॉफ्टशी अशाच धर्तीचे करार केले. रेड हॅट या लिनक्स कंपनीने पेटंटची तडजोड नाकारली. २००९ मध्ये तिने मायक्रोसॉफ्टशी केलेल्या व्हर्च्युअलायझेशन करारात पेटंटचे कलम नव्हते. जुळणीसाठी पेटंटची हमी अपरिहार्य नसते, याचा हा स्वच्छ पुरावा आहे.

२९ जून २००७ रोजी आलेल्या जीपीएल आवृत्ती ३ च्या अकराव्या कलमाने ही पळवाट बंद केली. अशा व्यवस्थेखाली काही जणांना दिलेला पेटंट परवाना आता तो कोड मिळणाऱ्या सर्वांना आपोआप लागू होतो. २८ मार्च २००७ पूर्वीच्या करारांना भेदभावाच्या मनाईतून सूट मिळाली, त्यामुळे नोव्हेलचे वितरण थांबले नाही.

सांबाची कोंडी फुटली ती वेगळ्या वाटेने. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोचा दंड करून प्रोटोकॉलची माहिती खुली करण्याचा आदेश दिला आणि १७ सप्टेंबर २००७ रोजी न्यायालयाने मुख्य मुद्द्यांवर तो कायम ठेवला. त्याच डिसेंबरात एका ना-नफा संस्थेने सांबासाठी एकदाच १०,००० युरो भरून कागदपत्रे मिळवली. कागदपत्रे गोपनीय राहिली, पण त्यांवरून लिहिलेला कोड प्रसिद्ध करण्याची मुभा होती. ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन कंट्रोलर (विंडोज नेटवर्कवरील वापरकर्त्यांची खाती व लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) म्हणून चालणारी सांबा ४.० आवृत्ती डिसेंबर २०१२ मध्ये आली.

कागदपत्रे हाती आली म्हणजे जुळणी झाली, असेही नाही. ऑफिस ओपन एक्सएमएल या मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवज-फॉरमॅटचा २००६ चा मूळ मसुदा सुमारे ६,००० पानांचा होता. तरी त्यात ‘ऑटोस्पेसलाइकवर्ड९५’ असा घटक होता, ज्याचा अर्थ एवढाच की अंतर वर्ड ९५ सारखे सोडावे. ते किती, हे दिलेले नव्हते. असा दस्तऐवज दुसऱ्या प्रोग्रामात उघडला की ओळी सरकतात आणि पानांची संख्या बदलते.

करार वाचताना म्हणून काही गोष्टी आधी तपासाव्यात. हमी पुढच्या वापरकर्त्याकडे जाते का, ती मागे घेता येते का, कोणत्या आवृत्तीपर्यंत आहे? प्रतीमागे रॉयल्टी असेल, मग ती कितीही ‘वाजवी’ असो, तर जीपीएलखालच्या कोडशी तिचा मेळ बसत नाही, कारण त्या प्रती कोणीही काढू शकतो आणि त्यांची मोजदाद होत नाही. तपासणीसाठी चाचणी-संच मिळतो का, हेही पाहावे.

द्विपक्षीय हमीला पर्याय म्हणजे २००५ मध्ये स्थापन झालेले ओपन इन्व्हेन्शन नेटवर्क. त्याचे सदस्य लिनक्सशी संबंधित पेटंटचा परवाना एकमेकांना रॉयल्टीविना देतात. मायक्रोसॉफ्ट त्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये ६०,००० हून अधिक पेटंटांसह सामील झाले. हे संरक्षण नेटवर्कने ठरवलेल्या ‘लिनक्स सिस्टिम’च्या यादीतील पॅकेजांपुरतेच असते, यादी वेळोवेळी वाढवली जाते, तेव्हा आपले पॅकेज तिच्यात आहे का, हे पाहून घ्यावे लागते.