आमसभा, तालुका (मराठवाडा)

पंचायत समितीच्या कार्यक्षेत्रातील सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), सर्व खात्यांचे तालुका पातळीवरील अधिकारी आणि सर्वसाधारण नागरिक यांची, स्थानिक आमदाराच्या अध्यक्षतेखाली भरणारी सभा. ती वर्षातून एकदा व्हावी अशी अपेक्षा असते. सभा बोलावण्याचे व इतिवृत्त ठेवण्याचे काम गटविकास अधिकाऱ्याकडे असते. आमदाराने अधिवेशनात काय मांडले, कोणता कायदा झाला, कोणत्या योजनेचे निकष बदलले हे सांगायचे आणि लोकांनी त्याच व्यासपीठासमोर आपली कामे व गाऱ्हाणी मांडायची, असे तिचे दुहेरी स्वरूप आहे. आठ जिल्हे व विधानसभेच्या ४६ जागा असलेल्या मराठवाड्यात ही प्रथा सर्वत्र परिचित आहे. ग्रामसभा, पंचायत समितीची मासिक सभा व पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीची बैठक यांहून ती वेगळी समजली पाहिजे.

उगम : आमसभेच्या उगमाचा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. तिचे नाते मागे तीन दिशांना जोडता येते. पहिली दिशा निजामी अमलातील दौऱ्यांची. तालुकदार (संस्थानातील जिल्हाधिकारी) व तहसीलदार दौऱ्यावर आले की रयतेने मुक्कामी जाऊन अर्ज द्यावयाचा, ही रीत हैदराबाद संस्थानात रुळलेली होती. आजही आमसभेत तोंडी प्रश्नाबरोबर लेखी अर्जाची प्रत पुढे केली जाते, तिच्यात या रीतीचा अवशेष पाहता येईल. परंतु अर्ज देणारी रयत आणि जाब विचारणारा मतदार यांत मोठे अंतर आहे. १८९३ च्या सुमारास संस्थानात कायदेमंडळ स्थापन झाले, तरी ते लोकांना उत्तरदायी नव्हते.

दुसरी दिशा राजकीय जागृतीची. हैदराबाद संस्थानातील मराठी भाषकांची संघटना असलेल्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे भरले. उघड्या सभेत ठराव मांडून चर्चा करण्याची सवय मराठवाड्याच्या ग्रामीण पुढाऱ्यांना अशा अधिवेशनांतून लागली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले व १९५२ च्या निवडणुकीनंतर मराठवाड्याचे पहिले आमदार हैदराबादच्या विधानसभेत बसले. मतदारांपुढे जाऊन सांगण्यासारखे काही हाती असलेला प्रतिनिधी इथून पुढे निर्माण झाला, म्हणून या टप्प्याचे महत्त्व कमी लेखता येत नाही.

तिसरी दिशा अधिक ठोस आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समूह विकास कार्यक्रमात विकासगट (काही गावांचा मिळून केलेला गट) हे एकक ठरले आणि गट पातळीवर अधिकारी, लोकप्रतिनिधी व गावकरी यांनी एकत्र बसण्याची कल्पना प्रशासनात आली. आमसभेतील गटविकास अधिकाऱ्याचे स्थान, खातेनिहाय आढावा आणि तालुक्याची हद्द ही तिन्ही लक्षणे याच व्यवस्थेशी जुळतात. दौरा व परिषद यांनी लोकांची मनोभूमिका घडवली असेल. सभेचा सांगाडा मात्र विकासगटाचा दिसतो. आमसभा या स्वरूपात नेमकी केव्हा रुळली याविषयी पंचायत राज्य प्रत्यक्षात आल्यानंतरचा, म्हणजे १९६२ नंतरचा काळ धरणे सयुक्तिक ठरेल.

कायदेशीर स्थान : येथे एक महत्त्वाची विसंगती आहे. १९६० साली नेमलेल्या वसंतराव नाईक समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला आणि आमदार-खासदारांना जिल्हा परिषद व पंचायत समितीचे सदस्यत्व देऊ नये अशी भूमिका घेतली. पंचायत राज्याची शिफारस करणाऱ्या केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीच्या अहवालानंतर काही राज्यांनी घेतलेल्या वाटेपेक्षा ही वाट निराळी होती. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ याच धोरणावर उभा राहिला. १ मे १९६२ पासून नवी रचना अमलात आली व मराठवाड्यातील हैदराबाद जिल्हा मंडळ कायद्याखालील जुनी व्यवस्था संपली. त्यामुळे ज्या संस्थेत आमदाराला सदस्य म्हणून जागा नाही, त्याच संस्थेच्या वार्षिक आमसभेचे अध्यक्षपद त्याच्याकडे येते. ही सभा अधिनियमातील सदस्यांच्या सभांच्या वर्गात बसत नाही. शासनाच्या सूचना आणि रूढी यांवर ती चालते. तिचे ठराव शिफारशीच्या स्वरूपाचे असतात. तरीही आमदार व अधिकारी यांना एकाच वेळी, एकाच मंचावर आणि सर्वांदेखत उत्तर द्यावे लागते असा दुसरा प्रसंग तालुक्यात नाही. आमसभेचे खरे बळ याच गोष्टीत आहे आणि तिची दखल याच कारणासाठी गांभीर्याने घ्यायला हवी.

२००८ मध्ये लागू झालेल्या मतदारसंघांच्या पुनर्रचनेने आणखी एक गुंतागुंत आणली. तालुक्याची हद्द व मतदारसंघाची हद्द अनेक ठिकाणी जुळत नाही. अंबाजोगाई तालुका केज व परळी या दोन मतदारसंघांत विभागला गेला आहे, हे त्याचे ठळक उदाहरण. अशा तालुक्यात एकच पंचायत समिती दोन आमदारांना बांधलेली असते आणि तारीख, अध्यक्षस्थान व विषयांचा क्रम या साध्या बाबीही वाटाघाटीच्या होतात.

कामकाज : सभा पंचायत समितीच्या सभागृहात, मंगल कार्यालयात किंवा बाजार समितीच्या आवारात मांडव घालून होते. आरंभी मागील आमसभेचे इतिवृत्त व त्यातील ठरावांचे अनुपालन वाचले जाते. अनुभवी सरपंच नेमके याच वेळी उठतात. ‘कार्यवाही सुरू आहे’ असा शेरा वाचला गेला की मागच्या बाकांवरून ‘कुठवर आली ते सांगा’ असा आवाज येतो, माइक त्या दिशेने फिरतो आणि संबंधित खात्याच्या अधिकाऱ्याला उभे राहावे लागते. पुढे खातेनिहाय आढावा चालतो : महावितरणकडे जळालेल्या डीपीची (विद्युत रोहित्राची), पंचायत समितीकडे घरकुलाच्या अडकलेल्या हप्त्याची व सिंचन विहिरीच्या कुशल कामाच्या बिलाची, कृषी खात्याकडे पीक विम्याची, महसूलकडे पांदण रस्त्याची तक्रार. अतिवृष्टीच्या वर्षी एका महसूल मंडळात ६५ मिलिमीटरची, म्हणजे अतिवृष्टीच्या निकषाइतकी, नोंद झाली आणि शेजारच्या मंडळात का झाली नाही, यावर तासभरही जातो. पर्जन्यमापक एका गावी आणि पाऊस दुसऱ्या गावी, हे दुःख सोयाबीन व कापूस पिकवणाऱ्या प्रदेशाला चांगले ठाऊक आहे.

विधिमंडळाचा वृत्तान्त : अर्थसंकल्पी व पावसाळी अधिवेशन मुंबईत आणि हिवाळी अधिवेशन नागपुरात होते. आमदार तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्ध्या तासाची चर्चा अशा आयुधांनी मतदारसंघाचे विषय मांडतात. आमसभेत त्यांचा गोषवारा सांगितला जातो. मंत्र्यांनी सभागृहात दिलेले उत्तर वाचून दाखवण्याचीही पद्धत आहे. श्रोत्यांनी येथे प्रश्नाला मिळालेले उत्तर व सभागृहात दिलेले आश्वासन यांत फरक करावयास हवा, कारण आश्वासनाच्या पूर्ततेचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते.

मराठवाड्यात कायद्याच्या बातमीला एक जादा पदर असतो. राज्याच्या इतर भागांत लागू नसलेले हैदराबाद राज्याचे काही कायदे येथील जमिनींवर आजही परिणाम करतात. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० आणि हैदराबाद इनामे व रोख अनुदाने रद्द करण्याबाबतचा अधिनियम, १९५४ हे त्यांतील प्रमुख. मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या) इनाम जमिनी भोगवटादार वर्ग दोनमधून (हस्तांतराला परवानगी लागणाऱ्या) वर्ग एकमध्ये (अशी अट नसलेल्या) आणण्यासाठीचा नजराणा, म्हणजे सरकारला भरावयाची रक्कम, ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणणारी सुधारणा २०२४ मध्ये झाली. अशी सुधारणा नुसती ‘कायदा मंजूर झाला’ म्हणून सांगून कोणाला कळत नाही. आपली जमीन मदतमाश आहे की खिदमतमाश (सेवेसाठी दिलेली), खासरा पाहणी पत्रकात (जुन्या जमीन पाहणीच्या अभिलेखात) नोंद कोणाच्या नावे आहे, बिनपरवानगी झालेल्या जुन्या खरेदीखताचे काय, हे प्रश्न कागद हातात धरूनच विचारावे लागतात. एकीकडे कायदा करणारा प्रतिनिधी, दुसरीकडे तो राबवणारा तहसीलदार आणि मध्ये सातबारा घेऊन उभा असलेला शेतकरी, अशी गाठ आमसभेत पडते.

पाण्याच्या बाबतीतही तसेच. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मधील समन्यायी वाटपाची तरतूद व त्याखाली वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याबाबत २०१४ साली दिलेला आदेश यांची चर्चा पैठणपासून परभणी-नांदेडपर्यंतच्या गोदाकाठी होत आली आहे. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० अखेर संपल्यावर अनुशेषाची (विकासातील मागासलेपण भरून काढण्याची) मागणी मांडण्याचे एक औपचारिक ठिकाण कमी झाले.

पूरक मार्ग : आमदाराने छापील कार्यअहवाल काढणे, संपर्क कार्यालय चालवणे, जनता दरबार घेणे हे मार्ग समांतर चालतात. पाच वेळा आमदार राहिलेले कंधारचे केशवराव धोंडगे यांनी ‘जयक्रांती’ हे साप्ताहिक चालवले, हाही असाच एक मार्ग. जनता दरबारात तक्रार व्यक्तीची असते आणि निर्णय आमदाराच्या फोनवर ठरतो. इतिवृत्त नसल्याने पुढच्या वर्षी विचारणा करता येत नाही. या दृष्टीने आमसभा अधिक भक्कम आहे.

सद्यःस्थिती : अनेक तालुक्यांत आमसभा नियमित होत नाही. मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांची मुदत संपून प्रशासक आल्यावर सभापती व सदस्य नसलेल्या तालुक्यांत तिची गरज वाढली होती. महिलांना ५० टक्के आरक्षण मिळाल्यापासून सरपंच म्हणून महिलांची उपस्थिती वाढली आहे. तालुक्याची जी गावे अलीकडे नगरपंचायती झाली, ती पंचायत समितीच्या कार्यक्षेत्राबाहेर गेली आहेत. सभा त्यांच्याच गावात भरली तरी तेथील नळ, गटार व रस्त्याचे प्रश्न तिच्या विषयपत्रिकेवर येत नाहीत.