एलसी३बी : मेंदूच्या अर्कापासून परीक्षानळीपर्यंत

एलसी३ हे प्रथिन १९९४ मध्ये सविस्तर वर्णिलं गेलं, तेव्हा त्या वर्णनात ऑटोफॅजीचा मागमूस नव्हता. उंदराच्या मेंदूतल्या सूक्ष्मनलिकांना (पेशीच्या सांगाड्यातल्या नळ्यांना) चिकटून असलेला एक छोटा घटक, एवढीच त्याची ओळख. 'लाइट चेन ३' हे नावही तिथलंच.

पेशी स्वतःचेच जीर्ण भाग पटलात गुंडाळून पचवते, त्या क्रियेला ऑटोफॅजी हे नाव क्रिस्तियान द दूव यांनी १९६३ मध्ये दिलं होतं. पण ती कोणती जनुकं चालवतात, याचा पत्ता जवळपास तीस वर्षं लागला नाही. तो लागला यीस्टमुळे. टोक्यो विद्यापीठात योशिनोरी ओसुमी यांनी पचनाची विकरं नसलेलं यीस्ट उपाशी ठेवलं. गिळलेला माल पचेना, रिक्तिकेत, म्हणजे यीस्टच्या पचन-पिशवीत, गोळे साठू लागले आणि साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकातून दिसू लागले. मग गोळे न साठवणाऱ्या उत्परिवर्तित पेशी तेवढ्या निवडायच्या होत्या. १९९३ मध्ये मिकी त्सुकादा आणि ओसुमी यांनी अशा उत्परिवर्तितांचे १५ गट जाहीर केले. इतक्या साध्या साधनांनी इतकं मोठं दार उघडल्याची उदाहरणं जीवशास्त्रात थोडीच आहेत. ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

दोन्ही वाटा २००० साली एकत्र आल्या. यीस्टमधल्या एटीजी८ या ऑटोफॅजी-प्रथिनाचा सस्तन प्राण्यांतला भाऊबंद म्हणजे मेंदूतलं तेच एलसी३, हे जपानी संशोधकांनी दाखवलं. त्याच वर्षी एटीजी८ हे फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइन या मेदाला जोडलं जातं, हेही कळलं. मेद जोडलेलं एलसी३-२ प्रत्यक्षात जड असूनही, प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलमध्ये, मेद न जोडलेल्या एलसी३-१ च्या पुढे धावतं. नवे विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात.

पण जिवंत पेशीत शेकडो गोष्टी एकाच वेळी चालू असतात. या जोडणीला नेमकं काय पुरतं, हे ठरवायला शुद्ध प्रथिनंच हवी होती. इथे ई. कोलाय कामी आला. या जिवाणूत ऑटोफॅजीची यंत्रणाच नसते, त्यामुळे त्याच्याकडून बनवून घेतलेल्या एटीजी८ मध्ये त्याच यंत्रणेतल्या दुसऱ्या प्रथिनाची भेसळ होण्याची भीती नाही. २००४ मध्ये ओसुमींच्या गटाने एटीजी८, जोडणी करणारी विकरं एटीजी७ व एटीजी३, ऊर्जा देणारं एटीपी आणि मेदाचे सूक्ष्म फुगे एवढ्यावर ही जोडणी पेशीबाहेर घडवली. २००७ मध्ये तशाच मांडणीत, जोडलेलं एटीजी८ फुग्यांना एकमेकांशी बांधतं, हे दिसलं. माझ्या मते रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुक घालून दुसऱ्या जिवाकडून बनवून घेतलेल्या, प्रथिनाचं खरं मोल इथे सिद्ध झालं.

एलसी३ चा मानवी प्रकार एलसी३बी १२५ अमिनो आम्लांचं बनतं. एटीजी४ हे कापणारं विकर शेवटची पाच कापतं, तेव्हा १२० व्या जागचं ग्लायसिन उघडं पडतं आणि मेद तिथेच जोडला जातो. म्हणून जोडणीच्या प्रयोगांना १ ते १२० एवढाच तुकडा वापरतात. पूर्ण लांबीचं प्रथिन लागतं ते एटीजी४ ची कापणी मोजायची असेल तेव्हा.