पिसदुऱ्याची हाडं प्रलयातली नव्हेत

‘जमिनीत निघणारी अजस्र हाडं म्हणजे महाप्रलयात बुडालेले राक्षस’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. कुणी मनूचा प्रलय म्हणतं, कुणी बायबलमधल्या नोहाचा.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा गावाच्या शिवारात अशी हाडं खरंच निघाली. ती डायनासोरची. वर्धा नदीचा पूर ओसरला की एकाच गाळात बैल, शेळी, भांडी सगळं सापडतं. प्रलयाच्या थरातही माणूस, वाघ, गाय मिसळलेले दिसायला हवेत. तिथं एकही नाही. उलट दगड झालेली विष्ठा मिळते, आणि तिच्यात चक्क गवताचे सूक्ष्म अंश! म्हणजे इथं गवत खाणारे प्राणी जगत होते.

वय कसं कळतं? हाडांच्या थरावर काळा दगड आहे, म्हणजे थिजलेला लाव्हा. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. खालची हाडं त्याच्याही आधीची.