आउटबोर्डचा बोल्ट तुटला: नवा बसवण्याआधी तुटका वाचा

आउटबोर्ड मोटर होडीच्या मागच्या आडव्या फळ्यावर, म्हणजे ट्रान्समवर, टांगलेली असते. अगदी लहान मोटरींना दोन शिकंजी-स्क्रू पुरतात. मध्यम आणि मोठ्या मोटरींचा कंस, म्हणजे मोटर फळ्याला धरून ठेवणारा ब्रॅकेट, मात्र ट्रान्सममधून आरपार जाणाऱ्या चार बोल्टांनी आवळलेला असतो. सर्रास दिसणाऱ्या मांडणीत वरचे दोन बोल्ट एकमेकांपासून 327 मिलिमीटरवर, खालचे दोन 251 मिलिमीटरवर आणि दोन्ही जोड्यांमध्ये 203 मिलिमीटर अंतर असतं. यातला एखादा तुटला की बहुतेक जण तसाच नवा बोल्ट आणून घालतात, आणि थोड्याच काळात तोही तुटतो. याचं कारण असं की निरोगी जोडातला बोल्ट नुसत्या मोटरीच्या जोरानं तुटत नाही.

हे हिशोबानंच पाहू. 40 अश्वशक्तीची मोटर ताशी 40 किलोमीटरनं होडी पळवत असेल, तर पाण्यातल्या पंख्याचा (प्रोपेलरचा) पुढचा रेटा साधारण दीडशे किलोंच्या वजनाइतका भरतो. पंखा कंसाच्या खालच्या कडेपासून सुमारे 30 सेंटिमीटर खाली आणि वरचे बोल्ट त्याच कडेपासून 28 सेंटिमीटर वर. म्हणजे खालची कड ट्रान्समवर दाबली जाते आणि वरचे बोल्ट मागे ओढले जातात. त्यात मागे लोंबणारं शंभरेक किलोंचं मोटरीचं वजन धरलं, तरी वरच्या प्रत्येक बोल्टावर सव्वाशे किलोंच्या आसपास ताण येतो. 12 मिलिमीटरचा ए4-70 प्रतीचा स्टेनलेस बोल्ट सरळ ओढून तोडायला जवळजवळ सहा टन लागतात. इतका मोठा फरक असूनही बोल्ट तुटला, तर त्याला वाकवणारं, कुरतडणारं किंवा सैल करणारं दुसरं काहीतरी तिथे आहे.

बहुतेक वेळा ते म्हणजे सैलपणा. नट आवळल्यावर बोल्ट किंचित ताणला जातो आणि कंस व ट्रान्सम एकमेकांवर घट्ट दाबून धरतो. हा दाब टिकून असेपर्यंत लाटांचे हेलकावे मुख्यतः दाबलेले पृष्ठभाग पेलतात आणि बोल्टाच्या वाट्याला चढउताराचा थोडाच भाग येतो. दाब गेला की कंस सरकू लागतो, बोल्ट दर हिसक्याला वाकतो आणि सगळा चढउतार एकट्यावर घेतो. वाकलेल्या पंख्याचा असमतोल याला पुरेसा आहे. इंजिन मिनिटाला 5000 फेरे घेत असेल आणि गिअर दोनास एक असेल, तर पंखा मिनिटाला 2500 आणि तासाला दीड लाख हिसके देतो. मग अतिशय कमी ताणानंही आट्यांच्या तळाशी बारीक भेग सुरू होते. नटात अडकलेला पहिला आटा एकटाच जवळपास एक-तृतीयांश भार घेत असतो, म्हणून तुटण्याची सर्वांत आवडती जागा तीच. त्याखालोखाल दांड्यावर आटे संपतात ती जागा, आणि डोकं व दांडा यांचा सांधा.

तपासणीला हात घालण्याआधी मोटरीचा भार काढून घ्या. बॅटरीची ऋण तार सोडवा, इंजिन बंद ठेवणारी सुरक्षा-दोरी काढून ठेवा, मोटर होइस्टला टांगा किंवा तिच्या तळाखाली भक्कम लाकडी ठोकळे लावा. वर उचललेल्या मोटरीचा भार हायड्रॉलिकवर सोडून खाली हात घालू नका. यांत्रिक अडकण लावलेली असलीच पाहिजे. एक बोल्ट तुटलेला असताना होडी पाण्यात चालवून बघणं हा तर सरळ धोका आहे, कारण उरलेल्या तिघांपैकी एखादा आधीच अर्धा चिरलेला असू शकतो.

आता नेमकं हलतंय काय, ते शोधायचं. एकानं मोटरीच्या तळाचा सुळका हातात धरून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवायचा. दुसऱ्यानं कंस आणि ट्रान्सम यांच्या सांध्यावर बोटाची टोकं टेकवून ठेवायची. डोळ्यांना न दिसणारी हालचाल बोटांना लगेच लागते. त्या सांध्यात खेळ जाणवला तर ट्रान्समचे बोल्ट संशयित. कंस स्थिर राहून मोटर वळण्याच्या खुंटाभोवती डुगडुगली तर तिथली बुशिंग, म्हणजे खुंटाभोवतीची कडी, झिजलेली. कंस आणि खुंट दोन्ही स्थिर, पण इंजिन वेगळंच झुलतं, गिअर पुढे-मागे टाकताना ठक् असा आवाज येतो, मंद गतीवर झाकण थरथरतं, अशा वेळी दोष मोटरीच्या आत, कंपनं शोषणाऱ्या रबरी माउंटांच्या बोल्टांमध्ये असतो. रबर थोडं हलणारच, ते त्याचं कामच आहे. धातूवर धातू आपटल्याचा आवाज मात्र कधीच चालायचा नाही. आणि कंसाबरोबर सगळा ट्रान्समच लवत असेल, तर बोल्टांची चर्चा थांबवून फळ्याकडे पाहायला हवं.

नुसती नजरही खूप काही सांगते. वॉशरभोवती चकाकणारी, घासल्याची कड. ॲल्युमिनियमच्या कंसाखालून निघालेली काळपट-करडी भुकटी, म्हणजे तिथे सतत सूक्ष्म घर्षण चालू आहे. सीलंटच्या रेषेला पडलेली चीर. आतल्या बाजूला छिद्रातून उतरलेला तपकिरी ओघळ. गंमत अशी की बोल्ट फळ्याच्या आत मध्यावर तुटला असेल, तर दोन्ही टोकं जागच्या जागी शाबूत दिसतात, कारण सीलंट त्यांना चिकटवून धरतं. म्हणून प्रत्येक नटाला पाना लावून पाहावाच लागतो. नट फिरतो पण घट्ट होत नाही, किंवा आतला तुकडा नटाबरोबर फिरतो आणि बाहेरचं डोकं ढिम्म राहतं, तर आत तुकडे पडले आहेत असं समजा. चारही बोल्ट एकदम काढू नका. मोटर टांगलेली असली तरी एकेकच काढा आणि त्यावर जागेची खूण करा: वर-डावा, वर-उजवा, खाली-डावा, खाली-उजवा. ही खूण पुढच्या निदानाचा निम्मा भाग आहे.

कारण कोणता बोल्ट तुटला यावरून भाराची दिशा कळते. पुढे जाताना, आणि ट्रेलरवर खड्ड्यांतून नेताना, वरची जोडी ओढली जाते. मोटर आधाराशिवाय वर उचलून लांबचा प्रवास केला असेल, किंवा कंसामागे जोडपट्टी लावून मोटर आणखी मागे सरकवलेली असेल, तर वरच्या बोल्टांवरचा जाच वाढतो. खालची जोडी ओढली जाते ती उलट्या गिअरमध्ये, आणि पाण्यातल्या ओंडक्याला किंवा खडकाला तळ आदळल्यावर. म्हणून फक्त खालचे बोल्ट गेले असतील तर पंख्याची पाती, तळाचा सुळका आणि पंख्याचा दांडा आधी तपासा. एकाच बाजूचे वरचा-खालचा दोन्ही तुटले असतील, तर त्या बाजूचं लाकूड कुजलेलं असण्याची शक्यता मोठी.

नंतर तुटलेलं तोंड पाहायचं. तुकडे एकमेकांना जुळवून पाहण्याचा मोह प्रत्येकाला होतो, पण तसं करू नका. खडबडीत कडा एकमेकांवर घासून पुरावाच पुसला जातो. मऊ दात-ब्रश आणि साबणाच्या पाण्यानं धुवा, तारेचा ब्रश लावू नका. तिरपा प्रकाश टाकून दहापट भिंगातून, नाहीतर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा.

गुळगुळीत भाग आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा समकेंद्री रेषा दिसल्या, तर हा धातूचा थकवा आहे, म्हणजे पुन्हापुन्हा बसलेल्या हिसक्यांनी हळूहळू वाढलेली भेग. रेषा ज्या बिंदूभोवती वळतात तिथून भेग सुरू झाली. उरलेला खरखरीत भाग म्हणजे शेवटच्या क्षणी तुटलेला. तो लहान असेल तर भार कमी होता आणि भेग बराच काळ वाढत होती. मोठा असेल तर भार जास्त होता. समोरासमोरच्या दोन कडांवरून भेगा निघाल्या असतील, तर कंस दोन्ही दिशांना डुलत होता, म्हणजे सैलपणा निश्चित. कडेवर बारीक पायऱ्या दिसणं म्हणजे एकाच वेळी अनेक ठिकाणी भेगा सुरू झाल्या. काही भाग गंजून तपकिरी आणि काही लखलखीत असेल, तर तपकिरी भाग जुना आहे; बोल्ट खूप आधीपासून अर्धवट तुटलेला होता.

बोल्ट तुटण्याच्या जागी बारीक झाला आहे, तोंड करडं आणि दाणेदार आहे, तर एकाच मोठ्या धक्क्यानं तो ओढून तुटला. सपाट तोंडावर एकाच दिशेनं धातू माखल्यासारखा दिसला, तर तो कातरला गेला. चक्राकार वळसे दिसले, तर पान्यानं पिळून तोडला. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या आट्यांवर कोरडा फिरवला की दोन्ही एकमेकांत जाम होतात, तेव्हा हे घडतं.

आणि गंज. स्टेनलेस गंजत नाही हा समज इथे फार महागात पडतो. त्याचं रक्षण करणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर हवेतल्या किंवा पाण्यातल्या ऑक्सिजनमुळे सतत दुरुस्त होत असतो. वॉशरखाली किंवा ओल्या लाकडाच्या छिद्रात ऑक्सिजन संपतो, क्लोराइड साचतात, आणि बाहेरून चकचकीत दिसणारा बोल्ट आत खड्डे पडून पोखरतो. खड्डा हीच थकव्याच्या भेगेची आयती सुरुवात. डोक्यावरची खूण वाचा: ए2 म्हणजे 304 प्रत, ए4 म्हणजे 316 प्रत. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खारं पाणी ती जास्त सोसते. पण अशा बंद फटीत तीही अजिंक्य नाही. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की झीज ॲल्युमिनियमची होते. म्हणून कंसाच्या छिद्राभोवती पांढरी भुकटी दिसली, तर ती खरवडून खालचा धातू किती उरला आहे ते बघा.

बोल्ट निघाला की छिद्र तपासा. व्हर्नियरनं दोन काटकोनी दिशांना व्यास मोजा. दोन आकडे वेगळे आले तर छिद्र लंबगोल झालं आहे, बोल्ट आत आपटत होता. सळईनं छिद्राची भिंत टोचा. भिजलेला, मऊ चुरा निघाला किंवा तपकिरी पाणी झिरपलं, तर प्लायवूडचा गाभा कुजला आहे. हातोडीच्या प्लास्टिक दांड्यानं ट्रान्सम ठोकत जा. टणक आवाज बद्द होतो तिथे खूण करा. सपाट पट्टी धरल्यावर वॉशर फळ्यात रुतलेले दिसले, तर आवळलेला दाब टिकणं शक्यच नव्हतं.

आरपार बोल्टाचा तुकडा काढणं सोपं असतं, 10 मिलिमीटरच्या सळईनं ठोकून तो बाहेर येतो. ॲल्युमिनियमच्या आट्यांत तुटलेला माउंट-बोल्ट मात्र चिकाटी मागतो. भेदक तेल घालून रात्रभर ठेवा, मग भोवतीचा धातू हीट गननं दीडशे ते दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. ॲल्युमिनियम दर अंशाला स्टेनलेसपेक्षा सुमारे 40 टक्के जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे पकड ढिली होते. ज्योत नको: जवळ इंधन असतं, शिवाय ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि त्याआधी लाल होऊन इशारा देत नाही. त्यानंतर नेमक्या मध्यावर पंच मारून उलट्या वळणाचा ड्रिल वापरा. बऱ्याचदा ड्रिलच तुकडा बाहेर आणतो. तुटका बोल्ट उलटा फिरवून काढणारा टणक पोलादी एक्स्ट्रॅक्टर आत तुटला तर तो ड्रिलनं निघत नाही, म्हणून त्याच्यावर जोर लावू नका. आटे खराब झाले तर स्प्रिंगसारखी तारेची आट्यांची आवरणं बसवता येतात.

एकच तुटला असला तरी चारही बदला. बाकीच्यांनी तेवढेच हिसके खाल्ले आहेत. ए4-70, आधीच्याच व्यासाचे, आणि कंसातून जाणारा भाग बिनआट्यांचा राहील अशा लांबीचे घ्या. आट्यांचा तळ कंसाच्या कडेवर आला तर तुटण्याची जागा आपणच तयार केली. अतिकठीण साधे पोलादी बोल्ट मजबूत वाटतात, पण पाण्यात गंजतात आणि ठिसूळ होऊन अचानक तुटतात. आतल्या बाजूला मोठे जाड वॉशर किंवा सलग पट्टी, आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे नवे नट, आट्यांना जाम न होऊ देणारं वंगण. वंगणानं घर्षण कमी होतं, म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क, म्हणजे नट आवळण्याचा पीळ, तसाच लावला तर बोल्ट जास्त ताणला जाईल. पुस्तिकेतला आकडा कोरड्यासाठी आहे की वंगणासह, ते पाहून घ्या. नटापलीकडे दोन-तीन आटे बाहेर यावेत. छिद्रात आणि डोक्याखाली पाण्याखाली चालणारं पॉलियुरेथेन सीलंट भरा. छिद्र लंबगोल झालं पण गाभा कोरडा असेल, तर ते मोठं करून दाट इपॉक्सीनं भरा आणि पूर्ण घट्ट झाल्यावर नव्यानं छिद्र पाडा. गाभा कुजला असेल तर ट्रान्सम दुरुस्त होईपर्यंत मोटर परत टांगू नका.

बोल्ट तिरक्या क्रमानं, दोन-तीन टप्प्यांत आवळा. मग नट आणि वॉशरवर रंगाची एक सरळ रेघ ओढा. पहिल्या काही तासांच्या वापरात सीलंट आणि फळा थोडे बसतात, त्यामुळे टॉर्क पुन्हा तपासावाच लागतो. नंतर रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे, आणि रेघ जुळत असूनही कंसाखाली करडी भुकटी आली तर फळा दबतो आहे.